पाच दिवस की दहा दिवस?

दोन वर्षांखालील बालकाचा सर्दीपाठोपाठ कान दुखू लागणे ही घरोघरची बाब आहे. नाकामागील घशाचा भाग आणि मध्यकर्ण यांना जोडणारी नलिका या वयात आखूड व बरीचशी आडवी असते. सर्दीने ती सुजून बंद झाली की पडद्यामागे पाणी साचते, त्यात जंतू वाढतात. मूल रात्रभर किरकिरते. डॉक्टर प्रतिजैविक लिहून देतात, दोन-तीन दिवसांत ताप उतरतो आणि अर्धी बाटली फडताळात तशीच राहते.

यामागे केवळ निष्काळजीपणाच असतो असे नाही. प्रतिजैविकांच्या अतिवापराने जंतू औषधाला जुमानत नाहीत, शिवाय मुलाला जुलाब होतात. तेव्हा कमी दिवसांत भागेल का, हा प्रश्न वैद्यकांनाही पडलाच होता. अमेरिकेतील पिट्सबर्गचे डॉ. आलेहांद्रो होबरमन व सहकाऱ्यांनी तो कसोटीस लावला. ६ ते २३ महिन्यांच्या ५२० बालकांपैकी काहींना अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट दहा दिवस दिले. इतरांना पाच दिवस औषध व पुढील पाच दिवस तसेच दिसणारे निरौषधी द्रावण. कोणाला काय मिळते आहे, हे पालकांनाही ठाऊक नव्हते.

निष्कर्ष २०१६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. दहा दिवसांच्या गटात १६ टक्के बालकांवरील उपचार फसले, तर पाच दिवसांच्या गटात ३४ टक्के. बरे, या काटकसरीच्या जमेच्या बाजूस तरी काही होते का? नव्हते. औषधाला दाद न देणारे जंतू कमी झाले नाहीत, जुलाबही घटले नाहीत.

आणखी एक गोष्ट एकत्र कुटुंबांनी विशेष ध्यानी घ्यावी अशी आहे. आठवड्यात दहा वा अधिक तास तीन किंवा त्याहून जास्त मुलांच्या सहवासात असणाऱ्या बालकांमध्ये उपचार फसण्याचे प्रमाण अधिक आढळले. दोन्ही कान बाधित असतील तेव्हाही तसेच.

हा निष्कर्ष लहानग्यांपुरताच आहे. दोन वर्षांवरील मुलाचे दुखणे सौम्य असेल, तर केवळ वेदनाशामक देऊन दोन-तीन दिवस लक्ष ठेवण्याची मुभा अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांत आहे; त्या अवधीत उतार न पडल्यास मात्र प्रतिजैविक सुरू करावे लागते.