तारेवरची जागा निवडणारा खटका

इलेक्ट्रिक गिटारवर सहसा दोन किंवा तीन पिकअप बसवलेले असतात. त्यांपैकी कोणाचा आवाज अँप्लिफायरकडे जाणार, एकट्याचा की जोडीने, हे पिकअप सिलेक्टर स्विच ठरवतो. गिटारच्या किमतीत या स्विचचा वाटा नगण्य असतो. पण त्याची दांडी एका खाचेतून दुसऱ्या खाचेत गेली की त्याच तारेवरच्या त्याच स्वराचा नाद पार बदलतो. स्विच तीन खाचांचा असावा की पाच, सरकत्या दांडीचा असावा की टॉगल, याबद्दल गिटारवादकांची मते ठाम असतात आणि या आवडीनिवडीमागे ठोस कारणे आहेत. तार कशी कंप पावते, पिकअपची वेटोळी एकमेकांना कशी जोडली आहेत आणि वाजवताना हात कुठे असतो, या तीन गोष्टींत ती कारणे सापडतात.

एकच तार, वेगळे नाद

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकीय क्षेत्रात थरथरली की ते क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. पिकअपला हवेतल्या ध्वनिलहरींशी देणेघेणे नसते. आपल्या वरून जाणाऱ्या तारेच्या तेवढ्याच तुकड्याची हालचाल तो टिपतो. म्हणून पिकअप तारेखाली नेमका कुठे आहे, याला सर्वाधिक महत्त्व येते.

छेडलेली तार एकाच वेळी अनेक रीतींनी कंप पावते. अख्खी तार वरखाली होते तेव्हा मूळ स्वर निघतो. ती दोन, तीन, चार अशा समान भागांत कंप पावते तेव्हा अधिस्वर निघतात. प्रत्येक अधिस्वराचे तारेवर काही निस्पंद बिंदू असतात, जिथे त्या रीतीपुरती तार स्थिर असते. निस्पंद बिंदूखाली बसलेल्या पिकअपला तो अधिस्वर जवळजवळ कळतच नाही.

फेंडर स्ट्रॅटोकास्टर या गिटारवर हे आकड्यांत पाहता येते. तिच्या मोकळ्या तारेची लांबी सुमारे ६४८ मिलिमीटर असते. मानेजवळचा, म्हणजे नेक पिकअप ब्रिजपासून (तारेच्या दुसऱ्या टोकाच्या आधारापासून) या लांबीच्या साधारण एक चतुर्थांश अंतरावर असतो. ब्रिज पिकअप जेमतेम चार सेंटीमीटरवर. मूळ स्वराच्या कंपनात तारेच्या मध्यावरची हालचाल १०० मानली, तर नेक पिकअपवर ती सुमारे ७० भरते आणि ब्रिज पिकअपवर २० च्या आसपास. चौथ्या अधिस्वराचे चित्र उलटे आहे. त्याचा निस्पंद बिंदू नेक पिकअपवरच येतो, तर ब्रिज पिकअपला त्याच्या कमाल हालचालीच्या ७० टक्के मिळते. नेकचा आवाज गोल, भरदार आणि ब्रिजचा आवाज धारदार, टोकदार का, याचे उत्तर या चार आकड्यांत आहे.

हे गणित मोकळ्या तारेचे झाले. बाराव्या पडद्यावर तार दाबली की तिची लांबी निम्मी होते आणि नेक पिकअप उरलेल्या तारेच्या बरोबर मध्याशी येतो. दोन, चार, सहा अशा समसंख्य अधिस्वरांचा मध्य हा निस्पंद बिंदू असल्याने तिथला नाद पोकळ, बासरीच्या वळणाचा होतो. चोविसावा पडदाही ब्रिजपासून एक चतुर्थांश अंतरावरच येतो. त्यामुळे चोवीस पडद्यांच्या गिटारवर नेक पिकअपला ब्रिजकडे सरकावे लागते. बावीस पडद्यांच्या गिटारचा नेक पिकअप अधिक गोड वाटतो, असे अनेक वादक सांगतात, त्यामागे हा सरकलेला पिकअप असतो.

तीन खाचा, मग पाच

दोन पिकअप आले तेव्हा निवडीचा प्रश्न आला. आजची टेलिकास्टर गिटार नेक, दोन्ही आणि ब्रिज असे तीन पर्याय देते, पण सुरुवातीला तसे नव्हते. १९५२ पासून १९६७ पर्यंतच्या जोडणीत दोन्ही पिकअप एकत्र वाजतच नसत. ब्रिज, नेक आणि कपॅसिटरने वरचे स्वर कापलेला अगदी गडद नेक असे तीन नाद मिळत. गिटारवादकाला प्रसंगी बासची बाजूही सांभाळता यावी, असा त्या गडद नादामागचा विचार होता. वादकांना मात्र दोन्ही पिकअपचा एकत्रित खुला नाद अधिक हवा होता आणि अखेर तोच टिकला.

१९५४ मध्ये आलेल्या स्ट्रॅटोकास्टरवर तीन पिकअप होते आणि स्विचला खाचाही तीनच: नेक, मधला, ब्रिज. एका वेळी एकच पिकअप वाजावा, ही त्यामागची योजना. स्विचच्या आत मात्र दुसरीही शक्यता दडलेली होती. दांडी सरकताना आवाज मध्येच तुटू नये म्हणून आतला फिरता संपर्क इतका रुंद ठेवलेला असतो की तो मागचा संपर्कबिंदू सोडण्याआधीच पुढच्याला टेकतो. त्या क्षणी दोन्ही पिकअप एकदम चालू असतात. दांडी दोन खाचांच्या मध्ये हलकेच अडकवून ठेवली की हा क्षण हवा तितका लांबवता येतो, हे वादकांच्या लक्षात आले. तो चमकदार, थोडासा नाकातला, टोकाला पिचकणारा नाद इतका आवडला की लोक दांडी जपून मध्येच ठेवू लागले. जोराने वाजवले की ती घसरून जवळच्या खाचेत जाई.

फेंडरने १९७७ मध्ये पाच खाचांचा स्विच स्वीकारला. विजेच्या जोडणीत त्यासाठी फारसे काही बदलावे लागले नाही. संपर्कबिंदू तेच राहिले. दांडीला धरून ठेवणाऱ्या पट्टीवर दोन खाचा वाढल्या. या वाद्याचे सर्वाधिक ओळखीचे दोन नाद वादकांनी शोधले आणि कारखान्याने ते तेवीस वर्षांनी मान्य केले, ही वाद्यनिर्मितीच्या इतिहासात आदराने नोंदवण्यासारखी गोष्ट आहे. डायर स्ट्रेट्सच्या ‘सुलतान्स ऑफ स्विंग’मधील मार्क नॉफलर यांची गिटार हे ब्रिज आणि मधल्या पिकअपच्या जोडीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण.

तीन पिकअपमधून एकट्या-जोडीच्या मिळून एकूण सात मांडण्या जमतात. पाच खाचांच्या स्विचवर त्यांतल्या दोन मिळत नाहीत: नेक आणि ब्रिज, तसेच तिन्ही एकत्र. ज्यांना त्या हव्यात ते नेक पिकअप कधीही चालू करणारा एक छोटा स्विच वेगळा बसवतात. पिंक फ्लॉइडचे डेव्हिड गिलमोर यांच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरवर असा स्विच होता.

समांतर, एकसर आणि उलट

दोन पिकअप एकत्र वाजले की दोन जागांच्या हालचालींची बेरीज होते. काही अधिस्वर वाढतात, काही एकमेकांना खातात. त्याखेरीज जोडणीचाही परिणाम होतो. पिकअपचे इंडक्टन्स आणि केबलची धारिता मिळून एक अनुनाद तयार होतो; त्याच्या आसपासच्या वारंवारता उठून दिसतात आणि त्यावरच्या झपाट्याने मंदावतात. एका वेटोळ्याच्या पिकअपचे इंडक्टन्स २.५ हेन्री आणि केबलची धारिता ५०० पिकोफॅरड धरली, तर हा अनुनाद सुमारे ४,५०० हर्ट्झवर येतो. तसेच दोन पिकअप समांतर जोडले की इंडक्टन्स निम्मे होऊन अनुनाद सुमारे ६,४०० हर्ट्झवर चढतो आणि आवाज मोकळा, काचेसारखा लखलखीत होतो. एकसर जोडले की इंडक्टन्स दुप्पट होते, अनुनाद ३,२०० हर्ट्झच्या खाली उतरतो, आवाज मोठा आणि जाड होतो. टेलिकास्टरवर चार खाचांचा स्विच बसवण्याची प्रथा याच एकसर नादासाठी आहे.

जोडीने वाजवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे गुणगुण जाते. एका वेटोळ्याचा पिकअप घरातल्या विजेचे क्षेत्रही टिपतो. अमेरिकेत ती गुणगुण ६० हर्ट्झची, भारतात ५० हर्ट्झची. दोन पिकअपपैकी एकाचे चुंबकीय ध्रुव आणि वेढ्यांची दिशा दोन्ही उलट ठेवली, तर तारेचा संदेश जुळतो आणि बाहेरची गुणगुण एकमेकींना रद्द करते. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी हंबकर पिकअपमध्ये हेच तत्त्व वापरले. त्यांचा पेटंट अर्ज १९५५ चा, मंजुरी १९५९ ची. पुढे स्ट्रॅटोकास्टरचा मधला पिकअपही असा उलटा बनू लागला. मंचावर दिव्यांचे डिमर गुणगुण वाढवत असताना कित्येक वादक दुसऱ्या आणि चौथ्या खाचेला चिकटून राहतात, ते याचसाठी.

दोनपैकी फक्त चुंबक उलटला तर दोन्ही संदेशांची वजाबाकी होते. खालचे स्वर दोन्ही पिकअपमध्ये एकाच दिशेचे असल्याने ते क्षीण होतात आणि पातळ, विव्हळणारा नाद उरतो. फ्लीटवुड मॅकचे पीटर ग्रीन यांच्या लेस पॉल गिटारवर नेक पिकअपचे चुंबक असे उलटे होते. एरवी दोष ठरली असती अशी ही गोष्ट त्या गिटारची ओळख बनली.

टॉगल आणि स्वतंत्र स्विच

१९५२ च्या गिब्सन लेस पॉलवर तीन स्थितींचा टॉगल स्विच आला. त्याच्या भोवतीच्या चकतीवर ‘रिदम’ आणि ‘ट्रेबल’ असे लिहिलेले असते: नेक साथीसाठी, ब्रिज एकल वादनासाठी. आत लवचीक धातूच्या पट्ट्या असतात. दांडी मध्ये असताना दोन्ही जोड्या मिटलेल्या असतात. दांडी एका बाजूला ढकलली की दुसऱ्या पिकअपची पट्टी उचलली जाते. रचना साधी, मजबूत आणि वर्षानुवर्षे टिकणारी.

लेस पॉलवर प्रत्येक पिकअपला आवाजाचे वेगळे बटण असते. त्यामुळे मधल्या स्थितीत दोन नादांचे प्रमाण हवे तसे ठेवता येते. फक्त नेहमीच्या जोडणीत एक बटण शून्यावर नेले की दोन्ही पिकअप गप्प होतात. या दोन बटणांचा आणखी एक उपयोग आहे. एका पिकअपचा आवाज शून्य ठेवून दांडी भराभर हलवली की नाद तुकड्यातुकड्यांनी येतो. रेज अगेन्स्ट द मशीनचे टॉम मोरेलो यांनी ही क्रिया आपल्या शैलीचा भाग बनवली. दांडी सरकवायच्या स्विचवर इतका वेग साधत नाही.

प्रत्येक पिकअपला स्वतंत्र स्विच देणे हा तिसरा मार्ग. फेंडरच्या १९६२ च्या जॅग्वारवर असे छोटे सरकते स्विच होते. क्वीनचे ब्रायन मे यांनी वडिलांच्या मदतीने १९६३ पासून घरी बनवलेल्या ‘रेड स्पेशल’वर तीन पिकअप एकसर जोडलेले आहेत आणि प्रत्येकाला चालू-बंदचा एक व कला (फेज) उलटवण्याचा एक असे एकूण सहा स्विच आहेत. सहा स्विचच्या ६४ मांडण्या होतात, पण कानाला वेगळे भासणारे नाद तेरा: एकेकटे तीन, जोडीचे सहा, तिघांचे चार. नादांची ही श्रीमंती हाताच्या सोयीची किंमत देऊन मिळते, कारण एका नादातून दुसऱ्यात जायला बहुधा दोन-तीन स्विच हलवावे लागतात.

हात आणि जागा

गाण्याच्या मध्येच नाद बदलायचा तर वेळ एखाद्या मात्रेचा असतो आणि नजर तारांवर असते. म्हणून स्विचची जागा नादाइतकीच महत्त्वाची. स्ट्रॅटोकास्टरची दांडी उजव्या हाताजवळ असते. करंगळीने बदलता येते, पण जोरदार ठोके मारताना चुकून धक्काही लागतो. लेस पॉलचा टॉगल वरच्या बाजूला, हातापासून दूर असतो. चुकून हलत नाही, मात्र तो बदलायला तारांवरचा हात उचलावा लागतो.

खाचांचाही हिशेब आहे. न पाहता अचूक सापडतात त्या दोन टोकाच्या खाचा, कारण दांडी तिथे अडते. मधल्या खाचा बोटाच्या अंदाजाने शोधाव्या लागतात. तीनमधली एक सोपी, पाचमधली दुसरी किंवा चौथी सरावाची. साथीसाठी नेक आणि एकल वादनासाठी ब्रिज एवढेच ज्यांना हवे, त्यांना तीन खाचा पुरतात. फंक किंवा स्वच्छ, विकृतीरहित साथ वाजवणाऱ्यांना मधल्या जोड्यांशिवाय चालत नाही. भरपूर डिस्टॉर्शन वापरणारे बहुधा ब्रिजवर राहतात, कारण डिस्टॉर्शनमध्ये जाड तारांचा खर्ज नेक पिकअपवर लवकर गढूळ होतो. ज्यांना दोन्ही जगे हवीत त्यांच्यासाठी अनेक पदरी स्विच आहेत. १९८७ मध्ये स्टीव्ह वाय यांच्यासाठी आलेल्या आयबानेझ जेमवर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हंबकरचे एकच वेटोळे मधल्या पिकअपशी जोडले जाते. एडी व्हॅन हेलन यांची पसंती दुसऱ्या टोकाची होती: त्यांच्या ‘फ्रँकेनस्टाइन’ गिटारवर ब्रिजचा एक हंबकर आणि आवाजाचे एक बटण, एवढेच कामाचे.

निवड आणि निगा

पिकअपमधून येणारा विद्युतदाब सहसा काही दशांश व्होल्टचाच असतो. त्यामुळे संपर्कबिंदूंवर धूळ किंवा ऑक्साइडचा थर साचला की खरखर ऐकू येते किंवा एखादी स्थिती मुकी होते. बऱ्याचदा कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि दांडीची दहा-वीस वेळा केलेली ये-जा पुरते. खाचांची पकड सैल झाली असेल तर मात्र स्विच बदलणे बरे.

नवा स्विच निवडताना आधी आपल्याला प्रत्यक्ष लागणारे नाद मोजावेत, त्यांतले सर्वाधिक वापराचे दोन टोकाच्या खाचांवर येतील असे पाहावे आणि जागा आपल्या हाताच्या सवयीशी ताडून घ्यावी. हे सुटे भाग ठरलेल्या मापांचे असतात. बदलायला थोडे डाग देण्याचे कौशल्य लागते आणि आवडले नाही तर जुनी जोडणी परत करता येते. पिकअप किंवा गिटारच बदलण्याआधी हा प्रयोग करून पाहावा. हवा असलेला नाद पुष्कळदा वाद्यात आधीच असतो, फक्त असलेल्या स्विचवर त्याची खाच नसते.