जुने लाकूड राखणारा सुतार

गोखिवऱ्याच्या पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर आहे आणि पश्चिमेला, लोहमार्गापलीकडे खाडीच्या मुखाशी, वसईचा किल्ला आहे. डोंगर झाडांचा आणि किल्ला दगडाचा, असे आज पाहणाऱ्याला वाटते. वास्तविक हा किल्ला एके काळी लाकडाचाही होता. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत येथे चर्च, मठ आणि वाडे उभे राहिले. त्यांना लाकडी छपरे होती, माड्या होत्या, दारे-खिडक्या होत्या. आगाशी-वसईचा हा किनारा तर जहाजबांधणीसाठीच नावाजलेला होता. आज भिंती उभ्या आहेत. तुळयांची टोके जेथे टेकत होती त्या खोबणी रिकाम्या आहेत. इमारतीचा अंत बहुधा छपरापासून सुरू होतो. छप्पर गेले की पावसाळा थेट भिंतीत शिरतो आणि मग दगडाचेही दिवस भरू लागतात.

वसईत सुताराला आता फारसे काम उरलेले नाही, म्हणून महाराष्ट्रात ते कोठेच उरले नाही असे मात्र नाही. पुण्याच्या शनिवारवाड्याचे लाकडी मजले १८२८ च्या आगीत भस्मसात झाले, तरी दिल्ली दरवाजावरचा नगारखाना शिल्लक आहे. विश्रामबागवाड्याचे सुरूच्या आकाराचे खांब आहेत, चांदवडचा रंगमहाल आहे. फार मागे जायचे तर कार्ल्याच्या चैत्यगृहात, दगडी छताखाली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सागवानी कमानी अजून आहेत. त्या छताला आधाराची गरज नव्हती. लेणे कोरणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सुताराने बांधलेली इमारत होती, म्हणून त्याने दगडातही लाकूड बसवले. आपल्या वास्तुकलेचा आरंभ असा सुताराच्या हातून झालेला आहे.

या वास्तू राखणारा सरकारी सुतार नेमके काय करतो, याची कल्पना फार थोड्यांना असते. तुळईचे सर्वांत नाजूक ठिकाण म्हणजे तिचे भिंतीत गाडलेले टोक. तेथे ओल साठते, मग बुरशी येते, मग वाळवी. उरलेली दहा हात तुळई ठणठणीत असते. अडाणी माणूस ती सगळीच काढून नवी बसवतो. जाणता सुतार आधी तिच्यावर हातोडीने ठोकून आवाज ऐकतो, पटाशीचे टोक खुपसून कूज कोठवर गेली आहे ते पाहतो आणि तेवढाच भाग कापतो. मग त्याच जातीचे, पुरते मुरलेले लाकूड घेऊन, रेषेला रेषा जुळवून, लांब तिरक्या सांध्याने जोड देतो. खांबावर बसणारे कुसू सैल झाले तर तो पाचर मारतो. मात्र जेथे लाकडाला फुगायला-आकसायला जागा हवी तेथे ती सोडतो. भिंतीत चुन्याऐवजी सिमेंट भरू लागला तर तो गवंड्याला अडवतो, कारण सिमेंट ओल कोंडून धरते आणि तुळईचे टोक पुन्हा कुजते. जॉन मार्शल यांनी १९२३ साली पुरातत्त्व खात्यासाठी जी संवर्धन-नियमावली लिहिली, तिचे सार हेच आहे: मोडके असले तरी मूळ ते मूळ, नवे कितीही देखणे असले तरी ते त्याची जागा घेऊ शकत नाही.

तत्त्व सर्वमान्य आहे. अडचण हिशेबाची आहे, आणि कचेरीत काम करणाऱ्या वाचकांना ती चटकन उमगेल. जतनाची बरीचशी कामे आज निविदा काढून ठेकेदाराकडे दिली जातात. निविदेत दरसूची असते आणि काम झाले की मोजमाप-पुस्तिकेत नोंद होते. नवे सागवान किती घनमीटर लागले, हे मोजता येते. जुने सागवान किती वाचवले, हे कोणत्या रकान्यात लिहायचे? ठेकेदाराला दोष देण्यात अर्थ नाही. जितके जुने काढावे तितके देयक वाढते, आणि दिवसभर खपून एक तुळई राखली तर ते घटते. ज्या पद्धतीत विध्वंस मोजता येतो आणि राखण मोजता येत नाही, त्या पद्धतीत राखण होणार कशी?

मासिक वेतनावरचा सुतार या फेऱ्यातून मोकळा असतो. नवे लाकूड बसवल्याने त्याचा पगार वाढत नाही आणि जुने वाचवल्याने कमी होत नाही. ही कल्पना आपल्याला परकी नाही. गावगाड्यात सुतार हा बलुतेदार होता. नांगर किती वेळा दुरुस्त केला यावर त्याचे बलुते ठरत नसे. सुगीला त्याचा वाटा ठरलेला असे. म्हणून नांगर टिकण्यात कुणब्याचे जेवढे हित होते, तेवढेच सुताराचेही होते. बलुतेदारीतील जातीची बेडी आणि लाचारी परत यावी असे कोणीही सुज्ञ माणूस म्हणणार नाही. पण तिच्यातला हा एक व्यवहार शहाणपणाचा होता.

सरकारी नोकर म्हटला की तो कामचुकार, असा आक्षेप येईल. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु कामचुकारपणावर देखरेख हा उपाय आहे. हातातली कला नाहीशी झाल्यावर देखरेख कशावर ठेवणार? सार्वजनिक बांधकाम व पाटबंधारे खात्यांतल्या रोजंदारी कामगारांना १९६० च्या दशकात कालेलकर करारामुळे थोडी स्थिरता लाभली. पाच वर्षे सलग काम केलेल्या माणसाला हजेरीपटावरून आस्थापनेवर येण्याची वाट मिळाली. ज्याला आपण उद्याही याच कामावर असू अशी खात्री आहे, तोच आपल्या हाताखाली पोरगा तयार करतो. आज येथे, उद्या तेथे जाणाऱ्याला शिष्य मिळत नाही.

जगात इतरत्र काय घडते तेही पाहावे. जपानने १९७५ साली कायद्यात दुरुस्ती करून, वास्तू जतन करण्याच्या निवडक कौशल्यांना आणि ती जाणणाऱ्या कारागिरांना शासकीय मान्यता दिली. तेथील इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, म्हणजे प्रत्येक पिढीचा हात त्या कामावरून फिरतो. पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चचे छप्पर १५ एप्रिल २०१९ रोजी जळाले. सुमारे २,००० ओक वृक्ष तोडून, त्यांतले पुष्कळ कुऱ्हाडीने तासून ते पुन्हा उभे राहिले आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च उघडले. पैसा होता हे खरेच. परंतु कुऱ्हाडीने तुळई तासणारे सुतार शिल्लक नसते तर त्या पैशाने काय झाले असते?

आपल्याकडे २०२३ साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत सुताराला हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि विनातारण कर्ज मिळते. हे चांगलेच आहे. पण रंधा हाती आला तरी रंधण्याजोगे काम हवे. गोखिवऱ्याच्या औद्योगिक गाळ्यांच्या परिसरात वाढणाऱ्या मुलाने आज सुतारकी शिकली, तर त्याच्यापुढे प्लायवूडची कपाटे जोडण्याचे काम येते. कुसू, पाचर, तिरका सांधा यांची त्याला ओळख होत नाही, कारण त्यांचे मोल देणारे गिऱ्हाईक नाही. असे एकच मोठे गिऱ्हाईक असू शकते आणि ते म्हणजे सरकार.

म्हणून मागणी मोठी नाही. पुरातत्त्व खात्याच्या प्रत्येक विभागात कायम सुतारांची एक लहान तुकडी असावी. तिच्यात एक जाणता मेस्त्री आणि हाताखाली वेतन घेऊन शिकणारी मुले असावीत. वनविभागाच्या आगारातील निवडक साग जतनकामासाठी काही वर्षे आधीच बाजूला काढून मुरत ठेवावा. मोजमाप-पुस्तिकेत वाचवलेल्या लाकडाचा एक रकाना वाढवावा. वसईचे गेलेले छप्पर यातून परत येणार नाही. पण जी छपरे अजून डोक्यावर आहेत त्यांची वसई होऊ द्यायची की नाही, एवढे ठरवणे आपल्या हाती आहे.