मुळं पाहा, पान ओळखा!

रायपूरला लागूनच उरला. लोखंड-पोलादाच्या कारखान्यांची वस्ती. इथल्या मुलाला पानाचा रंग विचारला, तर ते ‘हिरवा’ म्हणेल. पुस्तकात तसंच छापलंय ना! रस्त्याकडेचं पान मात्र धुळीनं काळवंडलेलं. मग खरं काय मानायचं?

असे प्रश्न मुलांवरच सोपवणारा एक प्रयोग जुन्या मध्य प्रदेशात होऊन गेला. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत तो सुरू झाला. पुढे ‘एकलव्य’ संस्थेनं त्याची धुरा वाहिली. मुलं वर्गाबाहेर पडत, तण मुळासकट उपटत आणि मुळं व पानांच्या शिरा ताडून पाहत. गवताची मुळं झुपकेदार, तर शिरा समांतर. टाकळ्याला (छत्तीसगढचा चरोटा) सोटमूळ, तर पानात शिरांची जाळी. नियम गुरुजी सांगत नसत, मुलंच शोधून काढत. तीस वर्षं चाललेला हा उपक्रम २००२ साली सरकारनं बंद केला. घोकंपट्टी तेवढी उरली!

उरल्यात या अभ्यासाला कसला आलाय खर्च? ओल्या कापसानं एक पान पुसायचं. कापूस काळा झाला, की मुलंच विचारतील, ‘गुरुजी, हे झाड श्वास कसा घेतं?’