मांजराचा एक डोळा बारीक झाला तर

मांजर दुखणं लपवतं. डोळ्याचं मात्र त्याला फार काळ लपवता येत नाही. एकच डोळा बारीक करून ते बसलं, पंजाने तो सारखा चोळू लागलं, की आत दुखतंय हे समजावं. नाकाकडच्या कोपऱ्यातून पांढुरका पापुद्रा पुढे आलेला दिसतो, ती त्याची तिसरी पापणी. एरवी ती आत दडलेली असते.

कारणं अनेक, नेहमीची दोन म्हणजे भांडणात लागलेलं नख आणि मांजरांचा हर्पीस विषाणू. हा विषाणू माणसाला होत नाही, पण मांजराच्या शरीरात जन्मभर दबून राहतो. घर बदललं, नवं मांजर आलं, की ताणाने पुन्हा उसळतो. दोन्हींत बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम होऊ शकते. पशुवैद्य डोळ्यात फ्लुरोसीन हा रंग घालतात. जखमेच्या जागी तो हिरवा चमकतो.

त्याआधीच घरातले माणसांचे ड्रॉप्स घालणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं. त्यांत स्टिरॉइड असेल तर जखम चिघळते, डोळाही जाऊ शकतो. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने चिपडं हलकेच पुसा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.