खुंट, बाक आणि तळे : भरधाव ट्रक अडवण्याचे शास्त्र

पुण्याच्या शनिवारवाड्यावर सहल नेली, की मुलांचे लक्ष आधी दिल्ली दरवाज्याच्या खिळ्यांकडे जाते. वीतभराहून लांब, टोकदार खिळे आणि तेही डोक्याच्या बरेच वर! ‘इतक्या उंचावर का?’ असा प्रश्न कोणीतरी विचारतेच. उत्तर सोपे आहे. धडक माणूस मारणार नव्हता, हत्ती मारणार होता, आणि खिळे त्याच्या गंडस्थळाच्या उंचीवर बसवले होते. पण दुसरी एक गोष्ट सहसा कोणी विचारत नाही. दरवाज्यातून आत शिरल्यावर वाट लगेच वळते. शिवकाळातल्या किल्ल्यांचे गोमुखी दरवाजेही असेच. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा दडला आहे, की अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही आणि त्याच्यासमोर सरळ धाव घ्यायला जागाही नाही. खिळ्यांपेक्षा या वळणात अधिक विज्ञान आहे असे मला वाटते. ते कसे, हे पुढे येईलच.

आजचा हत्ती म्हणजे ट्रक. 23 ऑक्टोबर 1983 रोजी बैरूतमध्ये स्फोटकांनी भरलेला एक ट्रक तारेचे कुंपण तोडून अमेरिकी सैनिकांच्या निवासी इमारतीत घुसला आणि 241 जण मृत्युमुखी पडले. दोनच वर्षांनी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने अडथळ्यांच्या चाचणीचे नियम ठरवले. 1993 साली तर दोन आठवड्यांच्या अंतराने न्यूयॉर्कचे वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि आपल्या मुंबईचे शेअर बाजार भवन या दोन्ही ठिकाणी तळघरातल्या वाहनांचा स्फोट झाला. 1995 साली ओक्लाहोमा सिटीत रस्त्याच्या कडेला, इमारतीपासून काही पावलांवर उभ्या केलेल्या ट्रकने 168 बळी घेतले. पुढे 2016 साली फ्रान्समधल्या नीस शहरी स्फोटकांचीही गरज उरली नाही, नुसता ट्रकच गर्दीत घातला गेला.

स्फोटाच्या बाबतीत अंतराला फार महत्त्व आहे. इमारतीपासूनचे अंतर दुप्पट केले, तर भिंतीवर तितकाच दाब येण्यासाठी साधारण आठपट स्फोटक लागते. म्हणून भिंती जाड करत बसण्यापेक्षा वाहन चार पावले दूर थोपवणे स्वस्त पडते. प्रश्न एवढाच, की थोपवायचे कसे?

चाचणीसाठी जो ट्रक नेहमी वापरतात तो सुमारे 6,800 किलोग्रॅमचा असतो आणि सर्वात कठीण नेहमीच्या चाचणीत तो ताशी 80 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर सोडतात. नववीतले सूत्र वापरा. वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणले, की गतिज ऊर्जा येते. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22.2 मीटर. उत्तर येते सुमारे 17 लाख ज्यूल. हा आकडा मुलांच्या डोळ्यांपुढे उभा राहत नाही. मग त्यांना असे सांगा, की तोच ट्रक 25 मीटर उंचीवरून, म्हणजे सात-आठ मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली टाकला, तर जमिनीवर आदळताना त्याच्याजवळ एवढीच ऊर्जा असेल.

ही ऊर्जा कुठेतरी जिरवली पाहिजे. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. ट्रकला एका मीटरच्या आत थांबवायचे, तर सरासरी 17 लाख न्यूटन बल लागेल. ते ट्रकच्या स्वतःच्या वजनाच्या पंचवीसपट आहे! तोच दहा मीटरमध्ये थांबवायचा असेल, तर बल एकदशांशावर येते. क्रिकेटमध्ये चेंडू झेलताना हात मागे नेतो, ती युक्ती हीच. जागा असेल तर हळू थांबवा आणि जागा नसेल तर अडथळा अतिशय मजबूत करा. अडथळ्यांची सारी रचना या दोन टोकांमध्ये फिरते.

वर्गात हे करून पाहता येते. खाच असलेली पट्टी पुस्तकांवर तिरपी टेकवा. तिच्या पायथ्याशी कागदी पेला उभा कापून त्याचा अर्धा भाग पालथा ठेवा, म्हणजे घरंगळत आलेली गोटी त्यात अडकेल. गोटी 5, 10 आणि 20 सेंटिमीटर उंचीवरून सोडा आणि पेला किती सरकतो ते मोजा. उंची दुप्पट केली, की अंतरही साधारण दुप्पट होते. गोटीचा वेग दुप्पट करायचा असेल, तर मात्र उंची चौपट करावी लागते. म्हणजे दुप्पट वेगाला चौपट अंतर! आकडे तंतोतंत येणार नाहीत. गोटी स्वतःभोवती फिरते, पट्टीला घासते. ते का येत नाहीत यावरच अर्धा तास चांगली चर्चा होते. नंतर पेल्यावर एक-दोन नाणी चिकटवा. पेला कमी सरकेल, पण सरकेलच. शेवटी पेला चिकटपट्टीने टेबलाला चिकटवा.

नाण्यांचा प्रयोग म्हणजे रस्त्यावर नुसता आणून ठेवलेला काँक्रीटचा ठोकळा. महामार्गाच्या मध्यावर असतो तसा तीन मीटर लांबीचा ठोकळा सुमारे 1,800 किलोग्रॅमचा भरतो. पाहताना वाटते, याला कोण हलवणार? हिशेब करू. धडकेनंतर ट्रक आणि ठोकळा एकत्र पुढे गेले असे धरा. संवेग तेवढाच राहतो, पण वस्तुमान 6,800 वरून 8,600 होते. वेग मूळच्या 79 टक्के राहतो आणि शिल्लक ऊर्जाही 79 टक्केच. म्हणजे धडकेत फक्त पाचवा हिस्सा ऊर्जा खर्ची पडली. उरलेली केवळ ठोकळ्याच्या घर्षणाने जिरवायची म्हटली, तर शंभर मीटरहून अधिक अंतर लागेल. प्रत्यक्षात ठोकळा उलटतो, फुटतो, ट्रकचा पुढचा भागही चेपतो, त्यामुळे अंतर इतके राहत नाही. पण दरवाज्यापुढे जेमतेम पाच मीटरचे अंगण असेल, तर सुटा ठोकळा हा दिलासाच जास्त आणि अडथळा कमी. फुलझाडांच्या मोठ्या कुंड्यांनाही हाच न्याय लावावा.

चिकटपट्टी लावलेला पेला म्हणजे बोलार्ड, आपल्या भाषेत खुंट. मूळ शब्द बंदरातला, जहाजाचा दोर बांधण्याच्या खुंटाचा. इंग्लंडात जुन्या तोफाही काही ठिकाणी तोंड वर करून रस्त्याकडेला पुरलेल्या दिसतात. आधुनिक खुंट जमिनीवर कमरेएवढा दिसतो, पण त्याची ताकद दिसत नाही त्या भागात असते. ट्रकचा दणका जमिनीपासून अर्ध्या मीटरवर बसला, की खुंट तरफेसारखा वागतो आणि पाया उखडू पाहतो. त्यासाठी खोल पाया खणायचा, तर शहरात खाली पाण्याचे नळ, वीज, टेलिफोन, गटारे! मग युक्ती काढली गेली. खोली फूटभर किंवा त्याहूनही कमी, पण पोलादी जाळीने सगळे खुंट एकमेकांना जोडलेले. एकाला धक्का बसला, की शेजारचे त्याला धरून ठेवतात आणि ट्रकची चाके त्याच पायावर आल्याने ट्रकचे वजनही पाया दाबून धरते. 30 जून 2007 रोजी ग्लासगो विमानतळाच्या दारावर गॅसच्या टाक्यांनी भरलेली जीप चालून आली, तेव्हा तिला दाराशी अडवले ते अशा खुंटांनीच.

एवढे सगळे असेल, तर प्रश्न सुटला म्हणायचे का? नाही. 11 सप्टेंबर 2001 नंतर अमेरिकेतल्या कितीतरी सुंदर चौकांत करड्या ठोकळ्यांच्या रांगा लागल्या. वॉशिंग्टन स्मारकाभोवतीही त्यांचे कडे पडले होते. जिथे लोकांनी मोकळेपणाने फिरावे, तिथे लढाई चालू असल्याची कळा आली. 2017 साली मेलबर्न शहरात असेच ठोकळे आले, तेव्हा नागरिकांनी त्यांना रंगीबेरंगी कापडी अंगरखे चढवले. मला हा निषेध आवडतो. त्यात तक्रारही आहे आणि उपायही.

वॉशिंग्टन स्मारकाचे उत्तर तर पाहण्यासारखे आहे. उद्यानरचनाकार लॉरी ऑलिन यांनी एक जुनी इंग्रजी युक्ती उचलली. अठराव्या शतकात तिथले जमीनदार गुरे बागेत येऊ नयेत म्हणून कुंपणाऐवजी एका बाजूने उभी भिंत असलेला खंदक करत. घरातून पाहिले तर हिरवळ सलग दिसे. अगदी काठावर गेले की दचकून ‘हा हा!’ तोंडातून निघे, म्हणून त्या रचनेचे नावच ‘हा-हा’ पडले. ऑलिन यांनी टेकडीच्या उतारात ग्रॅनाइटच्या वळणदार, जेमतेम पाऊण मीटर उंचीच्या भिंती घातल्या. 2005 साली काम पुरे झाले. लोक त्या भिंतींवर बसून शेंगदाणे खातात आणि आपण तटबंदीवर बसलो आहोत हे त्यांच्या गावीही नसते. भिंतीमागे मातीचा अख्खा उतार आहे. म्हणजे ट्रकला नुसत्या भिंतीशी नव्हे, टेकडीशी झुंजावे लागेल.

लंडनमधल्या आर्सेनल क्लबच्या मैदानाबाहेर क्लबच्या नावाची मोठमोठी काँक्रीटची अक्षरे उभी आहेत. लोक त्यांच्याजवळ फोटो काढतात. न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराजवळ कांस्याचे मढवण असलेले, पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखे ठोकळे आहेत. दुपारी कारकून त्यांच्यावर टेकून डबा खातात. लंडनमध्ये 2018 साली उघडलेल्या अमेरिकी वकिलातीच्या एका बाजूला अर्धवर्तुळाकार तळे आहे. त्याला खंदक म्हणावे तर तिथले अधिकारी कदाचित रागावतील, पण काम तेच.

सर्वात कल्पक मला न्यूयॉर्कच्या बॅटरी पार्क सिटीतला ‘टायगर ट्रॅप’ वाटतो. वरून साधा पदपथ. खाली मात्र सच्छिद्र, चुरगळणारे काँक्रीट. माणसांचे वजन ते सहज पेलते. ट्रक आला की चुरा होऊन चाके खाली रुततात आणि पुढच्या ठेंगण्या भिंतीला ट्रक बरोबर खाली अडकतो. धावपट्टीच्या टोकालाही असेच भुसभुशीत काँक्रीट घालतात. 1999 साली न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर धावपट्टी ओलांडून गेलेले एक प्रवासी विमान त्यातच रुतून सुखरूप थांबले.

आता गोमुखी दरवाज्याकडे परत येऊ. वळणावर वाहनाला धरून ठेवते ते रस्त्याचे घर्षण. दहा मीटर त्रिज्येचे वळण आणि घर्षणांक 0.7 धरला, तर वेग ताशी 30 किलोमीटरच्या वर नेता येत नाही. 30 च्या वेगाला आपल्या ट्रकची ऊर्जा फक्त 2.4 लाख ज्यूल असते, म्हणजे 80 च्या वेगाच्या एक सप्तमांश. रस्त्याला एक वळण दिले, की अडथळा सातपट हलका चालतो! मग तिथे खुंटाऐवजी नीट पुरलेला दगडी बाक किंवा सायकली लावण्याचा दांडाही पुरेसा होऊ शकतो. वास्तुविशारदाने पहिल्या दिवशीच नकाशावर वळण काढले, तर नंतर लाखो रुपयांचे पोलाद वाचते. बहुतेक ठिकाणी हा विचार इमारत बांधून झाल्यावर सुचतो, हेच दुखणे.

खुंटांमधल्या फटीचा प्रश्नही असाच. दोन खुंटांमधली मोकळी जागा 1.2 मीटरहून जास्त ठेवत नाहीत, नाहीतर लहान मोटार निसटते. पण फार कमी केली, तर चाकांची खुर्ची आणि बाबागाडी अडते. त्यासाठी निदान 90 सेंटिमीटर तरी हवेत. आपल्याकडे पदपथावर दुचाक्या चढू नयेत म्हणून इतके दाट खांब रोवतात, की दुचाकी कशीबशी जाते आणि खुर्ची मात्र जात नाही. अग्निशामक बंबाचा रस्ता कोणता, हेही आधी ठरवावे लागते. तिथे खाली सरकणारे किंवा किल्लीने निघणारे खुंट बसवतात.

मोजपट्टी घेऊन आठवी-नववीच्या मुलांना शाळेच्या फाटकाशी पाठवा. रस्त्यापासून फाटकापर्यंत सरळ धाव किती मीटर, वळण आहे का, खांबांमधली फट किती आणि सुटीच्या वेळी मुले नेमकी कुठे उभी असतात, हे कागदावर काढायला सांगा. आराखडा आला, की कुठे बाक, कुठे झाड आणि कुठे खुंट हवा, याची बोली त्यांनाच लावू द्या.