बालवाडीतले पुरुष : आकडे वाचावेत कसे?

बालवाडीचा विषय निघाला की 'ते बायकांचे काम' असे आपण सहज म्हणून जातो. पण लहान मुलांच्या 'बालोद्याना'ची कल्पना जगाला देणारा फ्रोबेल पुरुष होता. १८३७ साली त्याने जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे आपली संस्था काढली. १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका मूळचे वकील. लोक त्यांना कौतुकाने 'मूछाळी मा', म्हणजे मिशावाली आई, म्हणत. मग शिकवणाऱ्यांत पुरुष इतके थोडे का?

उत्तर शोधण्यापूर्वी आकडे वाचायला शिकले पाहिजे. कामगार चळवळीत हजेरीपट हाती आला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो : यात कोणाकोणाची नावे धरली आहेत? तोच प्रश्न इथे विचारावा. एक देश फक्त प्रशिक्षित शिक्षक मोजतो, दुसरा मदतनीसही धरतो. अशा दोन आकड्यांची तुलना करणे म्हणजे एका गिरणीतले नुसते विणकर आणि दुसरीतले सारे कामगार यांची तुलना करणे होय. दुसरी गोष्ट : संख्या निराळी आणि प्रमाण निराळे. समजा, शंभर शिक्षकांत पाच पुरुष होते. पुढे शिक्षक तीनशे झाले आणि पुरुष बारा. पुरुषांची संख्या दुपटीहून वाढली, पण प्रमाण शेकडा पाचावरून चारावर आले!

एवढे ध्यानात ठेवून जगाकडे पाहू. ओईसीडी या संघटनेच्या सदस्य देशांत, २०२० च्या सुमारास, शाळापूर्व शिक्षकांपैकी सरासरीने शेकडा ९६ स्त्रिया होत्या. नॉर्वेत मात्र १९९० नंतरच्या काळात सरकारने शेकडा २० पुरुषांचे उद्दिष्ट ठेवले आणि भरतीत पुरुषांना प्राधान्य देण्याची मुभा दिली. तिथे मदतनीस धरून शेकडा तीनच्या आसपास असलेले प्रमाण पंचवीसेक वर्षांत दहाच्या जवळ पोहोचले. उद्दिष्ट दूर राहिले. पण पुरुषाचा स्वभावच या कामाला नालायक आहे, हा समज टिकला नाही. स्वभाव पंचवीस वर्षांत तिपटीने बदलत नसतो; धोरण बदलते.

जपानची कथा अधिक बोलकी आहे. तिथे पाळणाघरातील शिक्षिकेच्या अधिकृत नावातच 'आई' हा शब्द होता. १९७७ साली पुरुषांना हे काम करण्याची परवानगी मिळाली आणि १९९९ साली ते नाव बदलून स्त्रीपुरुष दोघांना चालेल असे झाले. दार उघडले, पाटी बदलली, तरी आत येणारे पुरुष थोडेच राहिले. कारण या कामाचा पगार तिथल्या सर्व धंद्यांच्या सरासरीहून कमीच राहिला.

आता आपल्याकडे या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडीचे काम स्त्रियांसाठीच राखलेले आहे. तिचे नाव 'सेविका' आणि तिच्या हाती पडते ते 'मानधन'. सेवा म्हटली की पगार मागणे अशोभनीय ठरते, आणि ममता म्हटली की कौशल्याची किंमत करावी लागत नाही! एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांचा उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क मान्य केला. हे मानधन म्हणजे वेतनच, हे त्यासाठी न्यायालयाला सांगावे लागले.

पुरुषांच्या हाती लहान मूल देताना पालकांना शंका वाटते, हेही खरे. परंतु देखरेखीचे कडक नियम स्त्रीपुरुष सर्वांना सारखे लावणे हा त्यावरचा उपाय आहे. अर्ध्या समाजाला दाराबाहेर ठेवणे हा नव्हे.

तात्पर्य, पुरुष शिक्षकांचा आकडा हा एक तापमापक आहे. तो केवळ पुरुषांची आवड मोजत नाही. समाज या कामाला काय मोल देतो तेही मोजतो. मात्र पुरुष यावेत म्हणून पगार वाढवा, ही मागणी उलटी ठरेल. जी बाई आज चाळीस मुलांना सांभाळते, शिकवते आणि जेवू घालते, तिच्या कामाचा योग्य दाम प्रथम तिलाच मिळाला पाहिजे. त्याच दामावर पुरुषही खुशाल यावेत.