एक्सप्लेनर : 'हॅड रॉट' हे रूप नेमकं कोणत्या क्रियापदाचं? लोखंडी गेटशी त्याचा काय संबंध?

'द स्टॉर्म हॅड रॉट हॅवॉक', म्हणजे वादळानं हाहाकार माजवला होता. या वाक्यातलं 'रॉट' हे 'रीक' या क्रियापदाचं रूप आहे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते आपल्या रोजच्या 'वर्क'चं जुनं रूप आहे.

'वर्क'चं 'रॉट' कसं झालं?
जुन्या इंग्रजीत 'वर्क'चा भूतकाळ साधारण 'वोर्हते' असा होता. बोलता बोलता 'र' पुढे सरकला आणि 'व्रोहते' झालं. आपल्याकडे 'नुकसान'चं 'नुसकान' होतं, तसंच. व्याकरणात याला वर्णविपर्यय म्हणतात. पुढे सुरुवातीच्या 'व'चा उच्चार गेला. स्पेलिंगमध्ये 'डब्ल्यू' तेवढा उरला.

अर्थ कसा बदलला?
नंतर 'वर्क्ड' हे सरळ रूप रूढ झालं आणि अर्थांची वाटणी झाली. 'हॅड वर्क्ड' म्हणजे काम केलं होतं. 'हॅड रॉट' म्हणजे घडवलं किंवा घडवून आणलं होतं. 24 मे 1844 रोजी सॅम्युअल मोर्स यांनी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पाठवलेल्या प्रसिद्ध तारेत बायबलमधलं वाक्य होतं. त्याचा शेवटचा शब्द हाच.

मग 'रॉट आयर्न' म्हणजे?
घडीव लोखंड. साच्यात ओतलेलं ते 'कास्ट आयर्न', म्हणजे बीड. त्यात कार्बन साधारण 2 ते 4 टक्के असतो, म्हणून ते ठिसूळ. घडीव लोखंडात कार्बन अगदी नगण्य, त्यामुळे ते ठोकून वाकवता येतं. 1889 मध्ये पूर्ण झालेला आयफेल टॉवर याच लोखंडाचा आहे. आज 'रॉट आयर्न'च्या नावानं मिळणारी गेट आणि खुर्च्या मात्र बहुतेक वेळा माइल्ड स्टीलच्या असतात. धातू बदलला, नाव तेच राहिलं.

याच कुळातले आणखी शब्द
• ओव्हररॉट : मूळ अर्थ गरजेपेक्षा जास्त घडवलेलं; आता अतिशय अस्वस्थ, ताणलेला माणूस.
• प्लेराइट : यातला 'राइट' लिहिण्याचा नाही, तर घडवणाऱ्या कारागिराचा. म्हणून स्पेलिंग वेगळं.

'रॉट हॅवॉक' चूक की बरोबर?
इंग्रजीत 'वर्क हॅवॉक' असाही वाक्प्रचार आहे, त्यामुळे 'रॉट हॅवॉक' चूक नाही. परीक्षेत 'रीक'चा भूतकाळ विचारला, तर मात्र उत्तर एकच : 'रीक्ड'.